आधी अंधार, मग टॉर्च: घरच्या ओट्यावर फ्लुओरेसन्स

मागच्या दिवाळीत भाचा पुण्याच्या तापकीर गल्लीतून एक टॉर्च घेऊन आला. "मावशी, यूव्ही आहे, हिच्यात सगळं चमकतं!" दिवाणखान्यात ट्यूब चालू, टीव्ही चालू, बाहेर माळा लुकलुकतायत, आणि हा पठ्ठ्या पालकाच्या जुडीवर जांभळा झोत मारत बसला. काहीच चमकलं नाही. दहा मिनिटांत टॉर्च ड्रॉवरमध्ये गेली.

ती मी नंतर बाहेर काढली. माझी बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, त्यातली बरीचशी टीबीच्या स्लाइड बघण्यात. रुजू झाल्यावर आमच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाला हात लावू देण्याआधी सांगितलं होतं, "आधी पडदे ओढ." फ्लुओरेसन्स बघायचा म्हणजे काय, ते त्या तीन शब्दांत आलं. दिवा कोणीही लावतो. आपणच टाकलेला प्रकाश नजरेआड कसा करायचा, हे शिकावं लागतं. भाच्याचं तिथेच चुकलं होतं.

प्रकार समजायला सोपा आहे. काही रेणू एका रंगाचा प्रकाश गिळतात, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतात आणि उरलेली दुसऱ्या रंगाच्या प्रकाशात परत टाकतात. ऊर्जा घटलेली असते, म्हणून परत येणारा रंग सहसा तांबड्याच्या बाजूला सरकलेला असतो: अतिनील (म्हणजेच यूव्ही) घेऊन निळा, निळा घेऊन हिरवा, असं. पुस्तकी मराठीत याला प्रतिदीप्ती म्हणतात. हे सगळं काही नॅनोसेकंदांत उरकतं, त्यामुळे टॉर्च बंद की चमक बंद. मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेले तारे दिवा मालवल्यावरही चमकत राहतात, ती वेगळी गोष्ट. राजमाचीचे काजवे आणि पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात उजळणारी बुरशी हे तिसरंच प्रकरण. तिथे रासायनिक क्रियेतून प्रकाश निघतो, बाहेरून काही टाकावं लागत नाही.

नाव दिलं जॉर्ज स्टोक्स यांनी, १८५२ मध्ये, फ्लुओरस्पार या खनिजावरून. त्यांच्या प्रयोगातला महत्त्वाचा पदार्थ होता क्विनीन, मलेरियाचं जुनं औषध. ते टॉनिक वॉटरमध्ये आजही असतं. बाटली मिळाली तर आणा, टॉर्चखाली ती आकाशी निळी उजळते. पण सुरुवात तिच्यापासून नको. पालक जास्त शिकवतो.

टॉर्च कोणती घ्यायची

दुकानात "नोटा तपासायची टॉर्च" म्हटलं की लगेच हातात पडते. ती बहुधा ३९५ नॅनोमीटरची असते; हा आकडा तिच्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा. दुसरी ३६५ नॅनोमीटरची, थोडी महाग. ओळखायची खूण अशी: पांढऱ्या भिंतीवर ३९५ चा झोत ठसठशीत जांभळा दिसतो, ३६५ चा फिकट, जवळजवळ नसल्यासारखा. गिऱ्हाईक साहजिकच जास्त "उजेड" देणारी उचलतं, आणि फसतं. तो जांभळा उजेडच नंतर मंद चमक झाकून टाकतो. जमलं तर ३६५ ची घ्या, काचेवर काळसर फिल्टर असेल तर उत्तमच. ३९५ ची आधीच घेतली असेल तर टाकून देऊ नका, तिच्यावर उपाय आहे, पुढे येईल.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. कोविडच्या काळात घराघरांत आलेल्या जंतुनाशक यूव्ही ट्यूब या कामाला अजिबात वापरायच्या नाहीत. त्या २५४ नॅनोमीटरच्या आसपासच्या असतात, डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात. साध्या टॉर्चचाही झोत कोणाच्या डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, स्वतःच्याही नाही. यूव्ही अडवणारा पॉलिकार्बोनेटचा गॉगल हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो घाला. मुलांच्या हातात टॉर्च देताना शेजारी बसा.

अंधार

रात्रीची वेळ, खोलीची दारं बंद, खिडकीला जाड चादर. राउटरचे दिवे, चार्जरचा लाल ठिपका, सगळ्यावर रुमाल टाका. मग दहा मिनिटं नुसतं बसा. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, पण दहा मिनिटांत बरंच काम होतं. मध्ये मोबाइल बघितलात तर पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरी या दहा मिनिटांत भाच्याने चार वेळा "झालं का?" विचारलं.

पालक

चार-पाच हिरवीगार पानं धुऊन, पुसून अगदी कोरडी करा आणि खलबत्त्यात कुटा. मिक्सर नको, कारण आता यात स्पिरिट घालायचंय. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट किंवा रंग नसलेलं पातळ सॅनिटायझर अर्धी वाटी. गॅस बंद, निरांजन लांब, खिडकी थोडी उघडी. पाच मिनिटांनी जुन्या मलमलच्या फडक्यातून काचेच्या छोट्या ग्लासात गाळा आणि खिडकी पुन्हा झाका. दिव्याच्या उजेडात हा अर्क हिरवागार दिसतो.

आता दिवा घालवा आणि ग्लासावर टॉर्च मारा. समोरून नाही. टॉर्च डावीकडून, नजर समोरून, दोन्हींत काटकोन. झोत जिथे काचेतून आत शिरतो तिथे हिरव्याचा रक्तासारखा लाल होतो. माझ्या सासूबाई, वय एक्क्याऐंशी, हे बघून म्हणाल्या, "अगं, बीट घातलंस का?"

हा लाल हरितद्रव्याचा, साधारण ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा. मग जुडीवर टॉर्च मारल्यावर तो का दिसला नव्हता? जिवंत पानात हरितद्रव्य एकटं नसतं. गिळलेली ऊर्जा ते लगेच पुढच्या रेणूकडे देतं, अन्न तयार करायच्या कामाला. परत फेकायला टक्का-दोन टक्केच उरते. कुटून, स्पिरिटमध्ये काढून आपण ती साखळी तोडली. आता ऊर्जा घ्यायला पुढे कोणी नाही, म्हणून ती प्रकाश होऊन बाहेर पडते. वनस्पतिशास्त्रज्ञ हीच खूण उलटी वापरतात: पानाचा लाल प्रकाश बदलला की प्रकाशसंश्लेषणात काहीतरी बिनसलंय, पान पिवळं पडायच्या आधीच कळतं.

अर्क फार दाट झाला तर चमक मंद दिसते. वरच्या थरातच सगळा प्रकाश संपतो, आणि आतून निघालेला लाल पुन्हा तिथेच गिळला जातो. स्पिरिट घालून पातळ करा, चमक वाढेल. लॅबमध्ये नवीन आलेली मुलं हमखास रंग जास्त घालतात आणि मग "मॅडम, दिसतच नाही" म्हणून येतात.

हळद, पाण्यात आणि तेलात

दोन वाट्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत गोडं तेल. दोन्हींत चिमूटभर हळद ढवळा आणि टॉर्च मारा. तेलातली हळद पिवळी-हिरवी पेटते, पाण्यातली गढूळ आणि मरगळलेली. हळद तीच, चिमूट तीच.

हा प्रयोग मला पालकाहूनही आवडतो, कारण आधुनिक जीवशास्त्राचा अर्धा डोलारा यावर उभा आहे. रेणू चमकेल की नाही हे तो कोणाच्या सहवासात आहे यावरही ठरतं. डीएनएला चिकटले तरच उजळणारे आणि नुसत्या पाण्यात जवळजवळ मुके राहणारे रंग आहेत. पेशींवर असा रंग टाकला की केंद्रकं तेवढी चमकतात, बाकी काळं. बाजूचा रंग नीट धुतला गेला नाही तरी फारसं बिघडत नाही, कारण मोकळा रंग गप्प असतो. अंधार तयार करायची ही दुसरी तऱ्हा.

पनीरचं पाणी

घरी दूध फाडून पनीर केलंत की खाली जे हिरवट पाणी उरतं, त्याचा तो रंग ब-२ जीवनसत्त्वाचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. टॉर्चखाली ते पिवळसर हिरवं चमकतं. हे पाणी दोन काचेच्या वाट्यांत घ्या. एक कपाटात बंद ठेवा, दुसरी गॅलरीत दिवसभर उन्हात. रात्री दोन्ही शेजारी ठेवून बघा, उन्हातलीची हिरवट चमक मंदावलेली असते. प्रकाशाने रायबोफ्लेविन मोडतं. लॅबमध्येही रंगवलेली स्लाइड टेबलावर उघडी टाकली की हेच होतं, म्हणून आम्ही ती काळ्या डबीत ठेवून त्याच दिवशी बघून टाकत असू. चमकणारा प्रत्येक रेणू बघण्याने थोडा थोडा संपतो. ज्यांना फोटो काढायचेत त्यांनी आधी कॅमेरा तयार ठेवावा, मग टॉर्च लावावी.

जांभळ्या टॉर्चवरचा उपाय

आता ३९५ वाल्यांसाठी. स्टेशनरीच्या दुकानातून पिवळा पारदर्शक जिलेटिन कागद आणा. त्याच्या दोन-तीन घड्या कॅमेऱ्यासमोर धरा, टॉर्चसमोर नव्हे. जांभळा झोत बराचसा गायब होतो आणि पालकाचा लाल, हळदीचा पिवळा मात्र सहज आरपार येतो. फोनमध्ये मॅन्युअल मोड असेल तर दोन सेकंदांचं एक्स्पोजर ठेवा आणि फोन डब्याला टेकवा.

काही लाखांचा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक याहून वेगळं करत नाही. दिव्यासमोर एक फिल्टर, तो हवा तोच रंग आत सोडतो. डोळ्यासमोर दुसरा, तो आत सोडलेला रंग बाहेर येऊ देत नाही. मध्ये एक तिरका आरसा, लहान तरंगलांबीचा प्रकाश नमुन्याकडे वळवणारा आणि मोठ्या तरंगलांबीचा आरपार जाऊ देणारा. घरच्या जुगाडात तो आरसा नाही, म्हणून आपण काटकोनातून बघतो.

फसवणारे पदार्थही माहीत असावेत. पांढरा शर्ट आणि वहीचा कागद भगभगीत निळे दिसतात, ते टिनोपॉलसारख्या उजळकांमुळे. आमच्या आईच्या काळात कपड्याला नीळ असायची. ती नुसता निळा रंग चढवून पिवळेपणा झाकते, टिनोपॉल अतिनील घेऊन खरोखरचा निळा प्रकाश टाकतं. नोटेचा कागद मात्र काळपट राहतो आणि नंबर नि आतले बारीक तंतू चमकतात, ती टॉर्च मुळात त्यासाठीच असते. शेंगदाण्यावरच्या बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिनची बी आणि जी ही नावंही अतिनील प्रकाशातल्या निळ्या आणि हिरव्या चमकेवरून पडली आहेत. म्हणून घरच्या टॉर्चने दाणे निवडायला बसू नका. न चमकणारा दाणाही खराब असू शकतो. कडवट, बुरशीचा दाणा दिसला की फेकायचा.

माझ्या टेबलावरची स्लाइड

आता मला जे खरं सांगायचंय ते. टीबीचा संशय असलेल्या रुग्णाची थुंकी काचपट्टीवर पसरून, वाळवून, पक्की करून झाली की तिच्यावर ऑरामिन ओततात, ०.१ टक्क्याचं, २० मिनिटं. गरम करावं लागत नाही. मग धुवायचं. मग ०.५ टक्क्याचं आम्लयुक्त अल्कोहोल, ३ मिनिटं. बाकी सगळ्यांतला रंग निघून जातो, टीबीचे जंतू मेणचट आवरणामुळे तो धरून ठेवतात. पुन्हा धुवायचं. शेवटी ०.५ टक्क्याचं पोटॅशियम परमँगनेट, फक्त १ मिनिट.

हे जांभळं पाणी कशासाठी? जंतूंना रंगवायला नाही, मागची पार्श्वभूमी विझवायला. त्याच्याशिवाय थुंकीतला सगळा चिकट पसारा अंधूक हिरवा दिसतो आणि जंतू त्यात हरवतात. आणि मिनिटाची दोन-तीन मिनिटं केलीत तर जंतूही विझतात. एकदा फोन आला, मी बोलत राहिले, आणि अख्ख्या बारा स्लाइडचा ट्रे काळा ठिक्कर पडला. बारा रुग्णांपैकी कोणाचाही रिपोर्ट त्या दिवशी देता आला नाही. सगळे नमुने पुन्हा रंगवले. तेव्हापासून परमँगनेट ओतताना मी आकडे मोठ्याने मोजते.

नीट जमलेली स्लाइड म्हणजे अमावास्येचं आकाश. काळ्यावर बारीक, किंचित वाकडी, पिवळी काडी. बहुतेक वेळा एकटी, कधी दोन-तीन एकमेकींना टेकलेल्या. जुन्या झील-नील्सन पद्धतीत निळ्यावर लाल जंतू शोधायला तेल लावून शंभरपट मोठं दाखवणारं भिंग वापरावं लागे. इथे वीस किंवा चाळीसच्या भिंगाने भागतं, एका नजरेत कितीतरी मोठा भाग दिसतो, वेळ वाचतो आणि थोडे जंतू असलेले रुग्णही कमी सुटतात. एलईडी आल्यावर पाऱ्याच्या महागड्या दिव्याची कटकट गेली. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुन्याच्या जागी एलईडीची पद्धत आणायची शिफारस केली. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट या टीबीचं जनुक शोधणाऱ्या यंत्रांवरच्या तपासण्या आधी करतात, स्लाइड मागे पडतेय. पण त्या यंत्रांच्या पोटातही चमकच मोजली जाते.

ती कशी, हे कोविडच्या आरटी-पीसीआरवरून सांगते, कारण तेव्हा "सीटी व्हॅल्यू" हा शब्द पेठांतल्या कट्ट्यांवरही ऐकू यायचा. देशातल्या पहिल्या रुग्णाचं निदान ३० जानेवारी २०२० ला पक्कं झालं, ते आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. या तपासणीत विषाणूच्या जनुकाशी जुळणारा छोटा धागा टाकतात. त्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला त्याची चमक गिळणारा. दोघं जवळ असेपर्यंत अंधार. विषाणूचं जनुक असेल तर त्याची प्रत काढताना एंझाइम हा धागा तोडतं, गिळणारा दूर जातो, चमक सुटते. प्रत्येक फेरीत प्रती साधारण दुप्पट होतात, आणि कितव्या फेरीत चमक पार्श्वभूमीच्या वर आली तो आकडा म्हणजे सीटी. म्हणून आकडा लहान तर विषाणू जास्त. सव्वातीन-साडेतीन फेऱ्यांचा फरक म्हणजे साधारण दसपट.

डोळ्यांची डाय टेस्ट: जाण्यापूर्वी

मधुमेह असलेल्या घरांत हे कधी ना कधी येतं. नेत्रपटलाच्या रक्तवाहिन्या गळतात का हे बघायला हाताच्या शिरेतून फ्लुओरेसिन देतात. हा रंग अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केला. डोळ्याचे असे फोटो काढायची पद्धत १९६१ मध्ये अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी मांडली. दहा-पंधरा सेकंदांत रंग डोळ्यात पोचतो, निळा प्रकाश टाकून हिरवा टिपतात. गळती असेल तिथे हिरवं पसरत जातं.

सासूबाईंची ही तपासणी एका मोठ्या रुग्णालयात झाली. सगळं व्यवस्थित, फक्त घरी जाताना काय होईल ते कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला हाक: "अगं ऊठ, मला कावीळ झालीय." लघवी हळदीसारखी पिवळीधमक. मी वीस वर्षं याच रंगांत काम केलेली बाई, आणि आदल्या दिवशी मलाही सांगायचं सुचलं नव्हतं! तर तुम्ही आधीच सांगून ठेवा: कातडी काही तास पिवळट दिसते, लघवी साधारण दीड दिवस गडद पिवळी येते, कारण रंग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. पाणी भरपूर प्यावं, कोणी कमी प्यायला सांगितलं नसेल तर.

जाताना सोबत कोणीतरी हवंच. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, काही तास जवळचं दिसत नाही, ऊन सोसवत नाही. गाडी चालवायची नाही, काळा चष्मा न्यायचा. पूर्वी कुठल्या औषधाची किंवा या रंगाची ॲलर्जी आली असेल, दमा असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका. सुई दिल्यावर अर्ध्या मिनिटात मळमळू शकतं, बहुतेकांचं लगेच जातं. अंगावर गांधी उठल्या, घशात आवळल्यासारखं झालं किंवा सुईच्या जागी आग झाली तर तिथल्या तिथे बोला. गंभीर ॲलर्जी विरळा, पण होते. पुढचे एक-दोन दिवस रक्ताच्या दुसऱ्या तपासण्या करायच्या असतील तर लॅबवाल्यांना "डाय दिलाय" हे सांगायचं. त्या रंगाने आमच्या काही आकड्यांत गोंधळ होतो.

त्वचेच्या डॉक्टरांकडचा वूड दिवा हा आपल्या टॉर्चचाच थोरला भाऊ, ३६५ च्या आसपासचा. कोडाचे डाग त्याच्याखाली निळसर पांढरे उठून दिसतात, काही जंतुसंसर्ग पोवळ्यासारखे लाल. जायच्या दिवशी त्या भागावर मलम, पावडर, सनस्क्रीन काही लावू नका, तीही चमकतात. आणि घासून स्वच्छ धुऊनही जाऊ नका, नाहीतर जे दिसायचं तेच वाहून जातं. घरी टॉर्च मारून स्वतःचं निदान करायच्या भानगडीत पडू नये.

जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये ते वेगळं केलं, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांनी त्याला जिवंत पेशीत खूणगाठीसारखं वापरण्याजोगं केलं, आणि २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. बाहेरून रंग ओतायची गरजच संपली, पेशी स्वतःच तो बनवते.

टॉर्च घेऊन बाहेर

सासवडकडे आमच्या दिरांची शेती आहे. तिथे पावसाळ्याच्या तोंडाला, चंद्र नसलेल्या रात्री, दगडी बांधावर टॉर्च फिरवली की विंचू दिसतो, आणि काय दिसतो! निळा-हिरवा, नांगीच्या टोकापर्यंत, जणू कोणी रेडियमने काढलाय. नुसत्या डोळ्यांना तो मातीत मिसळून जातो. चमक त्याच्या कवचातल्या रसायनांची, मेल्यावरही टिकते. आपल्याकडचा लाल विंचू जिवावर बेतणारा आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्याच्या दंशाचे मृत्यू रोखायचा मार्ग दाखवला, तरी दंश झाला की वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. बघायला जाताना पायांत उंच बूट, हात खिशात, अंतर दोन हात.

दीर आता रात्री गोठ्यात जाण्यापूर्वी चपलांवर टॉर्च मारतात. मी त्यांना सांगितलंय की नुकतीच कात टाकलेला विंचू जवळजवळ चमकत नाही, कवच कडक होईपर्यंत. तेव्हा भावजी, टॉर्च मारा, पण चपला झटकायच्याच.